वहीतलं नाव, हाकेतलं नाव

आयर्लंडहून आल्यावर "काय काय पाहिलंत?" असं कोणी विचारलं, की मी "लग्नाची वही" असं सांगते आणि विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. तसे समुद्रातले कडे पाहिले, पडके किल्ले पाहिले, डोळे दुखतील इतकं हिरवं पाहिलं. त्यांचे फोटो मुलीच्या फोनमध्ये आहेत, ज्याला हवेत त्याने मागून घ्यावेत. मी मात्र सांगलीतल्या एका मंगल कार्यालयाची वही सत्तावीस वर्षं लिहिलेली बाई. कोणत्या तारखेला कोणाचं कार्य, वधूपक्ष कोण, वरपक्ष कोण, मुहूर्त किती वाजून किती मिनिटांनी, पंगती किती. कुठेही गेले तरी माझं लक्ष वह्यांकडे जातं, त्याला आता इलाज नाही.

कॉर्क

माझी मुलगी मुग्धा कॉर्कला एका औषध कंपनीत आहे. तिच्याकडे दोन महिने राहायला मी एकटीच गेले. आमचे हे आले नाहीत. "इतके तास विमानात बसून काय मिळणार?" असं म्हणून त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि विषय संपला.

पहिल्याच दिवशी मुग्धा म्हणाली, "आई, डबे वरच्या प्रेसमध्ये ठेव." मी इस्त्री शोधत बसले. प्रेस म्हणजे तिकडे भिंतीतलं कपाट. असे शब्द तिच्या मराठीत कधी शिरले ते तिलाही सांगता येत नाही. "कशी आहेस?" विचारलं तर "ग्रँड" म्हणते.

शेजारी डेनिस राहायचे. वय शहात्तर, बायको वारलेली, जन्मभर शहरात बस चालवलेली. पहिल्याच भेटीत ते कुंपणापलीकडून म्हणाले, "युअर मॅन म्हणतोय, दुपारी उघडणार." मी दचकले. माझा माणूस सांगलीत, त्याला कॉर्कच्या पावसातलं काय कळतंय? मुग्धाची हसून पुरेवाट झाली. तिकडे 'युअर मॅन' म्हणजे ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो कोणीही. इथे तो टीव्हीवरचा हवामानवाला होता. दुपारी काही उघडलं नाही, ते सोडा.

एकदा तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या, त्या कुंपणावरून दिल्या. डेनिसनी एक खाल्ली, डोळे पुसले, दुसरी मागितली आणि मी घरी काय काम करत होते ते विचारलं. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, "लग्नांची वही लिहीत होते." ते घरात गेले आणि एक लिफाफा घेऊन आले.

लिफाफ्यात त्यांच्या वडिलांचा जन्माचा दाखला होता. त्यावर आईचं नाव अ‍ॅबिगेल. पण डेनिसचे वडील मरेपर्यंत सांगत आले, की माझ्या आईचं नाव गॉबनेट. ते सहा वर्षांचे असताना ती गेली. आठवण एकच राहिली होती: शेतापलीकडून कोणी बाई "गॉबनेट!" अशी हाक मारते आहे आणि आई ओल्या हातांनी दारात येते आहे. पुढे त्या मुलाला शहरात चुलत्याकडे पाठवलं, तो परत गावी राहायला गेलाच नाही. गावातल्या थडग्यावर डेनिसच्या आजोबांचं नाव आहे, आणि खाली नुसतं 'आणि त्याची पत्नी'. नाव नाही. "तिथे आईचं नाव घाल," एवढंच वडिलांनी जाताना डेनिसना सांगितलं होतं.

"मागच्या वर्षी गावी जाऊन चर्चमधली लग्नाची वही पाहिली," डेनिस म्हणाले. "तिथेही अ‍ॅबिगेलच. मग गॉबनेट कोण? आमच्या देशात एके काळी असं व्हायचं. मूल एकीचं, कागदावर आई दुसरी. लाज झाकायला." ते लिफाफा घडी करत राहिले. "एकच बाई होती की दोन, हे कळल्याशिवाय दगडावर काय कोरू? पुढच्या आठवड्यात दगड कोरणारा येणार आहे. तिथे खाली माझीही जागा आहे. मी तिकडे जाईन तेव्हा वडिलांना काय सांगू?"

मी मुग्धाकडे पाहिलं. "अगं, एवढंच ना? एकच बाई असणार. एक नाव माहेरचं, एक सासरचं!"

मुग्धाने ते काही इंग्रजीत करून सांगितलं नाही. "आई, इकडे तसं नसतं," असं हळूच म्हणाली. पण पुढच्या बुधवारी तिने सुट्टी काढली आणि आम्ही तिघं निघालो.

डोंगराकडे

कॉर्कहून पश्चिमेला निघालं की तासाभरात सपाटी संपते. कुंपणांना पिवळी काटेरी फुलं लागलेली होती, रस्ता एका गाडीपुरता. मधे मेंढ्यांचा कळप आडवा आला. कळपामागून गाडी हाकत येणाऱ्या मेंढपाळाने आमच्याकडे पाहून स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. तिकडे हाच नमस्कार, डेनिसनीही एक बोट उचललं. मला हे आवडलं, मीही खिडकीतून एक बोट उचललं, तर डेनिस म्हणाले, "तुम्ही आता इथल्याच."

गावांच्या पाट्यांकडे मी बघत होते. प्रत्येक गावाची दोन नावं. वर तिरक्या अक्षरात आयरिश, खाली इंग्रजी. पुढे पुढे खालचं इंग्रजी नाव गळूनच गेलं, नुसतं वरचं राहिलं. "इथे अजून घरात आयरिश बोलतात," डेनिस म्हणाले. "वडिलांना येत होती. मला नाही शिकवली. शहरात तिचा काय उपयोग, असं त्यांना वाटलं." मी मुग्धाकडे बघितलं. तिची लेक ईरा माझं सगळं मराठी समजते आणि उत्तर कॉर्कच्या इंग्रजीत देते. मुग्धा रस्त्याकडे बघत होती.

चर्चपाशी पोचलो तेव्हा शेजारच्या घरातलं ऑफिस उघडायला अर्धा तास होता. म्हणून आधी चर्चमध्ये गेलो. म्हणजे ते दोघं गेले. मी दाराशी थांबून बूट काढले, नीट जोडीने भिंतीला लावून ठेवले आणि मोज्यांवर आत शिरले. देवाच्या दारात बूट घालून जायचं माझ्याच्याने झालं नाही. फरशी बर्फासारखी होती. मोजे मुग्धाने दिलेले लोकरीचे होते म्हणून निभावलं.

आत एक म्हातारी बाई फुलदाण्यांमधलं पाणी बदलत होती. माझ्या पायांकडे तिने पाहिलं. "मी अ‍ॅबी," असं म्हणून हात पुढे केला. खिडकीच्या रंगीत काचेत एक निळ्या वस्त्रातली बाई होती, तिच्याभोवती मधमाश्या. देवी कोणती ते विचारायचं मनात होतं, पण तेवढ्यात ऑफिस उघडल्याचा मुग्धाचा इशारा आला. बाजूचं दार जवळ होतं, तिकडूनच गेलो. बूट पुढच्या दाराशी राहिले.

वहीपाशी

ऑफिस सांभाळणारी शवॉन डब्लिनकडची, गावात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. तिने डेनिसना ओळखलं आणि विचारल्याशिवाय तेच पुस्तक काढून ठेवलं. मोठं, चामडी पाठीचं. आम्ही हात धुऊन पुसले. पानावर लॅटिनमधले छापील रकाने, त्यात काळ्या शाईची तिरपी अक्षरं: तारीख, नवरा, नवरी, दोघांची राहती जागा, दोघांचे आईबाप, दोन साक्षीदार, खाली पाद्र्याची सही. माझ्या वहीपेक्षा यात पंगतीच तेवढ्या कमी होत्या.

मी पानं उलटत गेले आणि मला एकदम मजा वाटायला लागली. फेब्रुवारीत लग्नांची नुसती रांग. एका दिवशी चार-चार. आणि मग एकदम काहीच नाही, कितीतरी आठवडे कोरे. पुढच्या वर्षी तसंच. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच.

"यांचा चातुर्मास कधी असतो?" मी विचारलं.

मुग्धाने समजावून सांगितल्यावर शवॉन हसली. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस व्रताचे, त्यात लग्न करत नसत. म्हणून व्रत बसायच्या आधी सगळ्यांची घाई. आषाढात आमच्या कार्यालयात हेच व्हायचं. शेवटच्या तिथीला सकाळी एक कार्य, संध्याकाळी दुसरं, आणि एका पार्टीचं रुखवत उचललं नाही तोवर दुसऱ्यांची करवली येऊन उभी. साक्षीदारांत एक पुरुष, एक बाई बघून "ही करवली" असं मी बोट ठेवून सांगितलं, आणि शवॉन म्हणाली, अगदी बरोबर.

मग डेनिसनी ते पान काढलं. नवरा जेरेमाया, म्हणजे डेनिसचे आजोबा, वस्ती तीच, जी त्यांना वडिलांनी सांगितली होती. नवरी अ‍ॅबिगेल केलेहर, वस्ती डोंगरापलीकडची. पुढच्या वीस पानांवर त्या वस्तीतला दुसरा जेरेमाया नाही, आणि पुस्तकभर गॉबनेट नावाची एकही नवरी नाही.

"बघितलंत?" डेनिस म्हणाले.

मला राहवेना. मी मुग्धाला म्हटलं, आता तरी नीट सांग यांना. आणि सांगायला लावलं, की आमच्याकडे लग्न लागल्यावर तांदळाच्या ताटात नवरा सोन्याच्या अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. मी माहेरची शकुंतला. बी.ए.पर्यंत शकुंतला. ताट फिरलं, पेढे वाटले, आणि मी वसुधा झाले. सासूबाईंनी ठरवलेलं नाव होतं. एका दुपारी मी दोन बायका झाले की नाही? तशी तुमची आजी.

शवॉन मन लावून ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "इथे आडनाव बदलायचं. पहिलं नाव कोणी बदलत नसे. सासूने तर नाहीच." डेनिस माझ्याकडे पाहून हसले, पण ते आपण लहान मुलाला हसतो तसं. मी चूक केली होती, आणि चुकीच्या वेळी केली होती. मला कानकोंडं झालं. "बूट आणते," असं म्हणून मी उठले.

बाहेर पाऊस. माझे बूट जिथे ठेवले होते तिथेच बरोबर पन्हळीची धार पडत होती. अ‍ॅबीबाई एकेक बूट उपडा करून पाणी ओतत होत्या, मघाशी फुलदाण्यांतलं ओतत होत्या तसंच. त्यांनी मला आत ओढलं, बाकावर बसवलं आणि स्वतःचे रबरी गमबूट पुढे सरकवले. काय बोलावं सुचेना, म्हणून मी काचेकडे बोट दाखवलं. "कोण?"

"ही ना? ही माझी संत," त्या म्हणाल्या. "माझं नाव हिच्यावरून. गॉबनेट."

मी म्हटलं, "यू अ‍ॅबी."

"तेच गं. अ‍ॅबी काय आणि गॉबनेट काय."

मला पुढचं इंग्रजी आठवेना आणि आठवायची गरजही वाटली नाही. मी त्यांचा हात धरला आणि गमबूट घालून, उजवा पाय उजव्याच बुटात आहे की नाही तेही न बघता, त्यांना तशाच ऑफिसात घेऊन आले.

"मुग्धा, यांना विचार! दोन्ही नावं विचार!"

अ‍ॅबीबाईंनी पुस्तकात डोकं घातलं आणि त्यांना आश्चर्यच वाटलं, ते आमचं. "तुम्हाला कोणी सांगितलं नाही? पाद्री लॅटिनमध्ये लिहायचा. लॅटिनमध्ये गॉबनेट कुठून येणार? मग तो अ‍ॅबिगेल लिहायचा. नाहीतर डेबोरा. माझी आत्या वहीत डेबोरा होती, जन्मभर तिला गॉबनेट म्हणत. का, ते मला विचारू नका. शाळेत, दाखल्यावर, सगळीकडे वहीतलंच नाव जायचं. एक नाव वहीला, एक नाव हाकेला." मग त्यांनी जेरेमायावर बोट ठेवलं. "हाही घरी जेरेमाया नव्हता. याला डिअर्मिड म्हणत असणार."

डेनिसनी टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

"एकच बाई," ते म्हणाले.

"एकच," अ‍ॅबीबाई म्हणाल्या. "दुसरी कोण असणार?"

डेनिसनी नाक शिंकरलं, बराच वेळ शिंकरलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही मघाशीच सांगितलं होतं."

सांगितलं होतं खरं, पण ते सपशेल चुकीच्या कारणाने. हे त्यांना सांगायची मला तेव्हा काही घाई वाटली नाही. फार आनंद झाला होता. मंगल कार्यालयात सत्तावीस वर्षांत कोणाचं लग्न मी जुळवलं नव्हतं, नुसतं लिहून घेतलं होतं. इथे शंभर वर्षांपूर्वीच्या एका लग्नाची नवरी मला सापडली होती.

दगडापाशी

दुपारी गावातल्या पबमध्ये भाज्यांचं गरम सूप, काळपट जाड पाव आणि त्यावर बोटभर लोणी. दारूच्या दुकानात पोटभर जेवून बाहेर पडायची ही माझी पहिलीच वेळ. अ‍ॅबीबाई आमच्याबरोबर होत्या, त्यांनी मी बरोबर आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या आणि तिखटाबद्दल एक शब्द काढला नाही. मुग्धा म्हणाली, डोंगरातली माणसं अशीच.

दफनभूमी गावाच्या वरच्या अंगाला होती. डेनिसच्या आजोबांचा दगड साधा, शेवाळ नुकतंच घासून काढलेलं. 'आणि त्याची पत्नी' याच्या पुढे फक्त एका नावाची जागा होती. खालचा भाग डेनिसनी स्वतःसाठी राखलेला.

"वहीत अ‍ॅबिगेल," डेनिस म्हणाले. "पुरावा त्याचाच आहे. उद्या कोणी शोधत आलं तर त्याला तेच सापडेल." मग मला विचारलं, "तुमच्यावर आली तर तुम्ही कुठलं लिहाल?"

मी गमबुटात उभी. मला वाटलं होतं, मी म्हणेन, वहीतलं. मी वहीचीच बाई. पण माझ्या डोळ्यांपुढे ती ओल्या हातांनी दारात आलेली बाई होती. शेतापलीकडून हाक आली आणि ती आली, म्हणजे ते तिचं नाव.

"हाक मारत ते," मी म्हणाले.

डेनिसनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "आणि तुम्हाला आता शकुंतला म्हणून कोण हाक मारतं?"

मी मोजायला लागले. आई गेली. दोन्ही भाऊ गेले. एक मैत्रीण मिरजेला होती, तिला हल्ली कोणाचंच नाव आठवत नाही. "कोणी नाही," मी म्हटलं, आणि मला एकदम रडू आलं. एकेचाळीस वर्षांत या गोष्टीसाठी मी रडले नव्हते. मुग्धा घाबरून माझ्या जवळ आली. तिला हे नाव माहीत होतं, पण एखाद्या जुन्या पत्त्यासारखं.

डेनिसनी ते नाव उच्चारून बघितलं. 'शॅकून' पर्यंत पोचले आणि अडकले.

"शकू," मी म्हटलं. "घरी शकू म्हणत."

"शकू," ते म्हणाले. अगदी स्वच्छ.

सांगली

परत येऊन महिना झाला तेव्हा फोटो आला. सकाळची वेळ, हे पेपर वाचत होते. दगडावर आजोबांचं नाव, त्याखाली 'आणि त्याची पत्नी गॉबनेट', आणि अक्षराच्या शेपटीला एक चिमुकली मधमाशी. खाली डेनिसनी लिहिलं होतं: "प्रिय शकू, वडिलांचं काम झालं. युअर मॅनला नमस्कार."

या वेळी 'युअर मॅन' म्हणजे खरोखर माझाच माणूस होता, म्हणून मी फोन त्यांच्यापुढे धरला आणि वही, पन्हळ, गमबूट सगळं पुन्हा एकदा सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून दगड वाचला. मग मी जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं.

"तुम्ही तांदळात 'वसुधा' लिहिलंत. मग मला त्या नावाने एकदाही हाक का नाही मारली? जन्मभर आपलं 'अगं'."

"आमच्यात सगळेच 'अगं' म्हणायचे."

"तुमचे भाऊ नावाने हाक मारतात बायकांना."

त्यांनी पेपरची घडी घातली. बराच वेळ लावून घातली.

"तुझी पत्रिका आली तेव्हा त्यावर शकुंतला होतं," ते म्हणाले. "मला आवडलं होतं ते. आईने दुसरं ठरवलं. भर मांडवात तिच्यापुढे काय बोलणार? अंगठी दिली हातात, लिहिलं. पण तोंडाने घ्यायला काही जमलं नाही. आणि तुझं जुनं नाव घ्यायची तर चोरी. मग राहिलं, अगं."

त्यांनी पेपर पुन्हा उघडला.

डेनिसना उत्तर लिहायचं होतं. मुग्धाने शिकवलं होतं तसं एकेक अक्षर दाबत मी लिहिलं, की दगड फार छान झाला आहे, मधमाशी आवडली, अ‍ॅबीबाईंना त्यांचे गमबूट परत मिळाले का ते कळवा. खाली सही करायला लागले तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला.

"अगं," हे पेपरामागून म्हणाले, आणि थांबले. मग पेपर खाली न घेताच पुन्हा हाक मारली. "शकू, दूध."

मी उठले.